वी

आर्ब्रोथमध्ये पहिल्या आठवड्यात
मला वाटलं, या गावात सगळंच लहान असावं.
बेकरीतली पोरगी म्हणाली, एक वी मिनिट हं,
आणि मागे जाऊन पावांची अख्खी भट्टी उपसून आली.
घरमालकीण नेटा स्पिंकनं वी कप चहा दिला,
तो दोन्ही हातांनी उचलावा लागला.
जरा वी फेरी मारून येऊ, म्हणाली,
कड्याच्या टोकापर्यंत तीन मैल,
वारा कानात खिळे ठोकत होता.

वी म्हणजे लहान. शब्दकोश एवढंच सांगून मोकळा होतो.
आमचा 'छोटा' ज्याच्यात्याच्यापुढे वाकतो,
पोरीपुढे छोटी, पिल्लापुढे छोटं.
हा वाकत नाही. याला ना लिंग ना वचन.
नामाच्या अलीकडे बोटभर जागा दिसली
की टेकतो,
बसथांब्यावर म्हातारं माणूस टेकतं तसा.

नेटाचा नवरा वी डॉड.
वय एकाहत्तर, उंची सव्वासहा फूट,
दारातून येताना आधी मान आत घालायचा.
बाप मोठा डॉड. तो जेमतेम याच्या खांद्याएवढा,
आणि त्याला जाऊनही चाळीस वर्षं झालेली.
मोकळी झालेली ती मोठी जागा
घे म्हणून याला कुणी सांगितलं नाही,
यानंही मागितली नाही.
परसातल्या धुरघरात हॅडॉकच्या जोड्या
शेपटीला शेपटी बांधून टांगायचा,
वी मासा होता रे, म्हणायचा,
आणि हात पार दाराच्या चौकटीपर्यंत पसरायचा.

डंडीच्या इस्पितळात गाडी मी नेली,
म्हणून तिसरी खुर्ची माझी.
डॉक्टर मॅकअल्पिनबाईंनी पेनाचं टोक
पडद्यावर हलकेच ठेवलं.
इथे एक वी सावली दिसते आहे.
सावली कोंबडीच्या अंड्याएवढी होती.
नेटा पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

मग तो शब्द कामाला लागला.
वी गोळी. वी नळी. वी झोप.
कालची रात्र वी वाईट गेली.
डॉड जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून राहायचा,
काही नाही गं, वी दम खातोय.
मी आधी मोजत होतो, किती वेळा.
ते सोडून दिलं.

खोटं म्हणणार नाही मी त्याला.
जड पेटी दोघांनी उचलताना
तोंडातून काहीतरी आवाज काढावाच लागतो,
त्यानं पेटीचं वजन कमी होत नाही,
पण दोघं एकाच क्षणी उचलतात.

एकदा विचारलं होतं डॉडला, धक्क्यावर बसलो असताना,
समुद्राला लावता का कधी, वी?
तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
तिथे त्याचे दोन चुलतभाऊ होते,
एकाच बोटीचे, एकाच डिसेंबरचे.
नाही रे, म्हणाला.
त्याला ऐकू येतं.

वी प्रार्थना करू, फार कुणाला बोलवायचं नाही,
असं ठरलं होतं.
चर्चमध्ये मावली नाहीत तेवढी माणसं
रस्त्यापलीकडच्या गॅरेजपर्यंत उभी होती,
टोप्या हातात घेऊन, फेब्रुवारीत.
पेटी खास मापाची करवून घ्यावी लागली.
तिच्यावरच्या पट्टीवर मात्र नुसतं जॉर्ज,
आणि सगळे क्षणभर गोंधळले,
हा कोण?

सोमवारी बेकरीत
नेटा रांगेत माझ्या पुढे होती.
एक पाव, म्हणाली.
नुसता पाव.
पोरीनं मान वर केली,
अजून काही यायचंय असं वाटून थांबली.
मागे भट्टीचं दार कुणीतरी लावलं.
वी पिशवी देऊ?
नको, नेटा म्हणाली,
हातात मावेल.