दोन रेघांच्या आत

पाण्याला आकडा नसतो.
तो आम्ही देतो, महाप्याच्या एका गाळ्यात,
तिसऱ्या मजल्यावर, सोल्डरच्या धुरात:
शून्य ते चार हजार पंच्याण्णव.
त्याखाली काही नाही, त्यावर काही नाही,
आणि दोन हजार सात नि दोन हजार आठ यांच्या मधलं
जे काही केसभर हलतं
ते आम्ही गोळा करत नाही.

बेलापूरच्या धारण तलावावर, झडपेशेजारी,
राखाडी डबीत माझा बोर्ड बसवला.
खाली पाण्यात नळी, नळीत सेन्सर,
पाण्याचा दाब व्होल्ट होऊन वायरीने वर चढतो.
वरची मर्यादा एकतीसशे. खालची चारशे.
पाणी या पट्ट्यात आहे तोवर
मुख्य प्रोसेसरने झोपायचं.
जागा फक्त एक छोटा राखणदार,
सेकंदाला दहा वेळा बघतो
आणि रेघ ओलांडली तरच हाक मारतो.
बॅटरी त्यामुळे वर्ष काढते.
साहेबांना हे फार आवडलं.

हासुराम म्हात्रे पंपावर माझ्या आधीपासून.
त्यांच्या भिंतीवर चुन्याच्या दोन रेघा,
एक उधाणाची, एक भांगाची.
पोरवयात बापासोबत खारबंदिस्तीवर उघाडी राखलेली;
ती खाचरं आता कुठल्या सेक्टरात गेली, त्यांनाच ठाऊक.
डबीकडे बघून म्हणाले,
"म्हंजे ही माजी रेघच. फकस्त बोलती."

पहिल्या आठवड्यात जरा जास्तच बोलली.
पाणी नेमकं रेघेवर येऊन
डोकं वर काढी, खाली घेई,
आणि रात्री दोन ते तीन
माझा फोन चाळीस वेळा वाजला.
मग तिला शिकवलं:
एकतीसशेला ओरड,
पण तीन हजारांखाली उतरेपर्यंत
हुश्श म्हणू नकोस.
शिवाय सोळा वाचनांची सरासरी काढून
उरलीसुरली थरथर पुसून टाकली.

मग शांत. पौष, माघ, फाल्गुन.
स्क्रीनवर हिरवा ठिपका.
कामावरून निघताना खारेगावला बाबांना फोन.
"कसे आहात?"
"बरंय."
"गोळ्या?"
"घेतो."
वीस सेकंद, फार तर.

चैती पुनवेला फोन आला,
डबीचा नव्हे, हासुरामांचा.
"मॅडम, तुमचा आकडा काय सांगतो?"
बावीसशे चौदा, म्हटलं. अगदी मधोमध.
"आन् काल?"
बावीसशे चौदा.
"परवा?"
मी मागे मागे सरकत गेले.
अकरा दिवस, बावीसशे चौदा.
पलीकडे ते हसले नाहीत.
"पानी कंदी एके जाग्याव बसतं का गो?"

गेले तेव्हा तिवरांमागे खाडी फुगली होती,
तलावाचं पाणी चुन्याच्या वरच्या रेघेखाली वीतभर,
आणि पंप त्यांनी हाताने केव्हाच चालू केलेला.
नळी उपसली. तोंडाशी गाळाचा बूच,
बुचात एक मेलेली चिंबोरी, रुपयाएवढी.
आत अकरा दिवसांचं पाणी,
बाहेरच्या भरतीची वार्ता नसलेलं,
दोन्ही रेघांच्या आत,
नियमाने अगदी सुखरूप.
राखणदाराची काही चूक नव्हती.
जे विचारलं होतं, तेवढं तो बघत होता.

गाळ्यावर परतून एक अट वाढवली:
सहा तास आकडा हललाच नाही
तर तोही धोका समज, मला उठव.
दोनदा तपासली. चढवली.

सात वाजले. सवयीने हात फोनकडे गेला,
नाव समोर आलं, अंगठा तिथेच थांबला.
काल बरंय. परवा बरंय.
संक्रांतीलाही बरंयच होतं.

फोन पर्समध्ये टाकला
आणि उलट्या बाजूच्या थांब्यावर जाऊन
कळव्याच्या बसची वाट बघत उभी राहिले.