शुद्धिपत्र

अंकाचं नाव 'नमुना'.
चरईतल्या पोस्टमनला ते फार आवडायचं.
"गुप्ते सर, तुमचे नमुने आले परत," म्हणायचा,
पत्ता चुकलेली सात-आठ पाकिटं
पायरीवर ठेवून.

चौऱ्याहत्तर साली एकतीस वर्गणीदार,
सगळे संख्याशास्त्राचे मास्तर,
ज्यांना स्टाफरूममध्ये गणितवाले आपलं म्हणत नसत
आणि अर्थशास्त्रवाले खुर्ची देत नसत.
सायक्लोस्टाइलची शाई मनगटापर्यंत.
पुढे वागळे इस्टेटमध्ये छापखाना मिळाला,
उधारीवर.

मी सत्त्याऐंशीत आले, मुद्रितं तपासायला.
सरांची लाल पेन्सिल तेव्हा बोटाएवढी उरलेली.
'सुमारे' दिसला की काट.
'पुष्कळ', 'बहुतेक', 'साधारणतः', काट, काट,
आणि समासात एकच शब्द: किती?
बदलापूरच्या एका प्राध्यापकांनी लिहिलं,
सरासरी विद्यार्थ्याला प्रमाण विचलन समजत नाही.
सरांनी कार्ड टाकलं:
या विद्यार्थ्याचा पत्ता कळवावा, भेटायचं आहे.

ब्याऐंशीच्या दिवाळी अंकात सरांनी
यादृच्छिक अंकांचा तक्ता दिला होता, घरी केलेला.
मे महिनाभर बिस्किटांच्या डब्यातून
चिठ्ठी काढायची, लिहायची, परत टाकायची, डबा हलवायचा.
पन्नास ओळी, पन्नास स्तंभ.
बाई म्हणाल्या, त्यापेक्षा भिशी तरी चालवा.
सहा वर्षं गावोगावचे मास्तर
त्या तक्त्यावरून नमुने निवडत राहिले.

मग मुरबाडहून फिलोमिना डाबरेंचं आंतरदेशीय पत्र.
मुलं दंगा करत होती म्हणून
तक्त्यातले आकडे मोजायला बसवलं.
सात आले तीनशे अकरा. चार, एकशे एकोणनव्वद.
काय-वर्ग बत्तीसच्या पुढे जातो, सर.
मुलं चुकली असतील, पण तीनदा मोजलंय.

सरांनी रात्रभर मोजलं.
मुलं चुकली नव्हती.

रविवारी बाळकुमला गेलो, हरेश्वर भोईरांकडे,
ज्यांनी तो तक्ता खिळा खिळा जुळवला होता.
ते मुलाच्या सायकलची चेन बसवत होते.
हात न पुसताच म्हणाले,
"चारचे खिळे संपले त्या रात्री.
सात पडून होते ढीगभर.
तुम्हीच सांगितलेलं ना,
यात कुठलाही आकडा कुठंही येतो?"

सर हसले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन पाहिलं:
शेवटच्या बारा ओळींत एकही चार नाही.
सहा वर्षं उघड्यावर पडलेलं,
आमच्यासारख्या मोजणाऱ्यांसमोर.
मूळ वही वाळवीनं कधीच नेलेली.
त्या ओळींत एकशे बावीस सात,
त्यातला खरा कोण
आणि चारच्या जागेवर आलेला बदली मास्तर कोण,
सांगणारं कुणी नाही.

पुढच्या अंकात, पान दोनवर, चौकटीत:
'तक्त्याच्या शेवटच्या बारा ओळींतील
सुमारे एकसष्ट सात हे चार आहेत.
कोणते, ते संपादकास ठाऊक नाही.'

मुद्रित माझ्याकडेच आलं.
'सुमारे'वर पेन्सिल थांबली.
सवयीनं समासात लिहिलं: किती?
सरांनी ते खोडलं नाही.
उत्तरही लिहिलं नाही.
शब्द तसाच छापून आला,
सव्वीस वर्षांच्या त्यांच्या संपादनात एकदाच.

आता अंक माझ्याकडे, ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये.
वर्गणीदार दोनशे चौदा,
त्यातले नऊ बहुधा हयात नाहीत.
आज एका नव्या शिक्षिकेचा लेख आलाय,
खाडीतले रोहित पक्षी मुलांकडून मोजून घेतल्याचा.
पहिलंच वाक्य: 'पक्षी पुष्कळ होते.'

पेन्सिलीला टोक करतेय.