बाणाचा ताठा

मासळी सोसायटीचा काटा शनिवारी मागून आणला.
हूक चिंचेने घासला, तरी सुरमई गेली नाही.
हर्णैच्या लिलावात टोपल्या तोलणारा तो काटा
आंजर्ल्याच्या वरच्या वाडीत काजूच्या फांदीला टांगला
आणि अडकवलं चांगोबा हिलमांचं धनुष्य:
माणग्याचं, मुठीपाशी तेल पिऊन काळं झालेलं,
दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची.

काटा म्हणाला, पंधरा किलो.
फोनमधल्या प्रोग्रॅमला पौंड हवे होते.
दोरी कशाची? त्याच्या यादीत बांबू नव्हता.
मी 'इतर'वर बोट ठेवलं.
बाणाचं टोक किती ग्रेन?
दापोलीच्या पोतदारांनी पातं सोन्याच्या तराजूत ठेवलं,
हसू दाबत म्हणाले, पंचेचाळीस गुंजा.
ग्रेन म्हणजे अर्धी गुंज, थोडी वरच.

मग स्पाइन.
कणा म्हणावं, तर चांगोबा पाठ चोळायला लागतील.
ताठा म्हटलं. बाणाला ताठा असतो, तो मोजायचा.
"त्यो काय, मानसालाबी असतो,"
म्हणत त्यांनी कारवीची काडी कानाशी धरली
आणि अंगठ्याने दाबली,
काडी काहीतरी सांगणार असल्यासारखी.

मी माझ्या रीतीने मोजलं.
दोन विटा, मध्ये सव्वीस इंच,
मिठाच्या किलोच्या पुडीतून दोन मुठी काढून
बरोबर नऊशे सात ग्रॅम मधोमध टांगले.
शाळेच्या पट्टीवर काडी वीस मिलिमीटर लवली.

सरळ जायचं तर बाणाला आधी वाकावं लागतं.
सुटतो तेव्हा तो खाडीतल्या वामासारखा
धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून निघतो.
ताठ्यातच राहिला, तर दांड्याला घासून डावीकडे जातो.
नको तितका लवला, तर उजवीकडे.

तीन वर्षं चांगोबांचे बाण डावीकडे जात होते.
"माजं डोलं गेलं," म्हणून
त्यांनी धनुष्य आढ्याला खोचून ठेवलं होतं.

सगळे रकाने भरले. उत्तर हिरवं: जुळतं.
जुळतं, तर मग बाण डावीकडे का?
किती ओढता, या रकान्यात मी सव्वीस लिहिले होते,
"कानापातूर," असं ते म्हणाले म्हणून.
आता टेप घेऊन शेजारी उभी राहिले. ओढा म्हटलं.

कोळशाच्या भट्टीवर निखळून
कसाबसा परत बसलेला खांदा
गालाच्या अलीकडेच थांबला.
त्यांच्या लेखी मात्र हात कानाशी पोचला होता.
तेवीस.
सव्वीस पुसून तेवीस लिहिले. उत्तर लाल:
या ओढीला हा बाण फार ताठ. डावीकडे जाईल.

वाचून दाखवलं.
खाली खाडीत ओहोटी लागली होती,
कुणीतरी होडी चिखलातून ढकलत होतं,
आणि चांगोबा बराच वेळ तेच बघत राहिले.
"मंग डोलं?"
"डोळ्यांचा रकाना नाही यात."

खांदा बदलता येत नाही. टोक बदलता येतं.
जड टोकाने काडी जास्त लवते:
प्रोग्रॅममध्ये मी आकडा वाढवत गेले,
ऐंशी गुंजांच्या आसपास लाल पुसलं.
चांगोबा तोवर उठून खाली जाऊन आले होते,
मुठीत फुटक्या होडीचे तांब्याचे खिळे, हिरवे पडलेले.
एक काडीत ठोकला, वर सूत गुंडाळलं.
तोलायला पोतदार नव्हते. तळहातावर झुलवला, बास.

पेंढ्याच्या उडवीवर पिकून सडलेली पपई ठेवली.
खाडीवरून वारा होता, त्याचाही रकाना नव्हता.
बाण सुटला,
पपईच्या हातभर उजवीकडे पेंढ्यात रुतला.

उजवीकडे!
तीन वर्षांत पहिल्यांदा उजवीकडे.
म्हातारा इतका हसला
की वाडीतली पोरं पपई पडली का बघायला धावली.
मग बाण उपटून आणला, खिळा दगडावर टेकवला
आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला,
"धर. दोन गुंजा घास."