एकवचन

परीक्षेच्या आदल्या दिवशी
कॉलेजच्या गच्चीवर, टाकीत कोपरापर्यंत हात घालून
मी शेवाळ काढतो.
एकतीस वर्षं हेच.
पगारपत्रकात प्रयोगशाळा परिचर,
मुलांमध्ये नुसता बाविस्करकाका.

काचपट्टीवर थेंब, थेंबात हिरवा धागा,
वर झाकणकाच, बुडबुडा न येऊ देता.
धाग्याच्या आत गोल गोल फिरत गेलेली फीत,
असं वळण गिरगावातल्या सोनाराच्या हातूनही
चुकतमाकतच निघेल.

तोंडी परीक्षेला मस्कारेन्हस बाई.
वाईट नाहीत. व्याकरणाला कडक, इतकंच.
खारदांड्याची हेमलता वैती म्हणाली,
अल्गी इज...
आणि बाईंचं पेन थांबलं.
अल्गी आर.
एक असेल तर अल्गा, पुष्कळ असतील तर अल्गी.
आता अल्गी म्हणायचं की अल्जी
यावर मोठमोठी माणसं भांडतात, ते राहू दे.

हेमलतानं भिंगाला डोळा लावला.
बराच वेळ काढलाच नाही.
मग म्हणाली, बाई, यात एक कुठलं?
हा धागा एक म्हणावा तर आत खोल्या,
खोलीला लागून खोली,
चाळीसारखं.
आमच्याकडे कुणी मोजत नाही.
ओहोटीला कालवं काढायला निघालो की
आई मागून ओरडते,
खडपं शेवाललीत गो, पाय जपून टाक.
शेवाळ आलंय, असंसुद्धा म्हणत नाही ती.
खडपंच शेवालतात.

बाई रागावल्या नाहीत.
चष्मा काढून पुसला.
मग हे इंग्लिशमध्ये कसं सांगशील?

द रॉक, म्हणाली ती,
द रॉक...
आणि तिथेच उभी राहिली,
एक पाय उचललेला, दुसरा टेकायला जागा नाही,
तशी.
मी बाईंकडे पाहिलं.
बाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

किती गुण दिले, मला ठाऊक नाही.
त्यांनी वहीत काही लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

संध्याकाळी सगळ्या काचपट्ट्या धुतल्या.
बेसिनच्या कोपऱ्यात एक हिरवा डाग आहे,
तपासणी आली की तो घासायचा,
दिवाळीनंतर तो पुन्हा असतो.
आज ब्रश हातात घेतला आणि ठेवून दिला.

मे महिन्यात निवृत्त होईन.
नखांच्या कडा हिरव्या आहेत, साबणानं जात नाहीत.
बोटं शेवाळली,
असं म्हणता येत असावं.