अर्धा सूत

बारा चौकोनांची एक ओळ, अशा बारा ओळी.
जेवणाच्या टेबलावर मांडल्या तेव्हा शोभत होत्या,
शिवायला घेतल्या आणि सूत जुळेना.
सहावी ओळ सातवीच्या पाऊण इंच पुढे,
रेशनच्या रांगेत कुणी घुसावं तशी.

मी सगळं नियमाने केलं होतं.
कापड आधी भिजवलं, सावलीत वाळवलं,
ओलसर असतानाच इस्त्री, घासून नाही, दाबून.
किनार फाडून टाकली, कारण ती ताठ असते
आणि धुतल्यावर आपल्याच कापडाला आखडते.
उभा धागा उभाच ठेवला.
तिरकं एकही कापलं नाही; ओरेब कापड
हातात घेतलं की गोड बोलून लांब होतं.
खडूला टोक काढलं. रेघेच्या आतून कापलं.
तरी.

शकीलभाईंना फोन केला, कोंढव्याला.
एकतीस वर्षं त्यांनी बाबांकडे काजं केली,
नाना पेठेत, माळवदे टेलर्सच्या माळ्यावर,
जिथे ताठ उभं राहिलं की डोक्याला पंखा.
त्यांनी रंग विचारला नाही, दोरा विचारला नाही.
"मोजलंस कशाने?"
अर्ध्या ओळी टेपने, म्हटलं,
मग टेप सारखी सरकायला लागली म्हणून
अप्पा बळवंत चौकातून स्टीलची पट्टी आणली.
"टेप कुणाची?"
बाबांची.
ते हसले. "पट्टीशेजारी ठेवून बघ."

ठेवली.
पिवळी, कडेला तडकलेली, टोकाची पितळ काळी.
पाच इंचाला अर्धा सूत लांब.
इतकी वर्षं गळ्यात राहून, ओढली जाऊन
वाढली होती, कुणाला न सांगता.

म्हणजे छत्तीसची छाती
बाबांच्या वहीत साडेपस्तीस.
क्वार्टर गेटचा बेकरीवाला, दोन मुख्याध्यापक,
भवानी पेठेतले लाकडाचे व्यापारी,
सगळे त्या वहीत जरा सडपातळ आहेत.
आणि तरी कुणाचा शर्ट आवळला नाही.
ज्या टेपने अंग, तिनेच कापड.
चूक दोन्हीकडे सारखी,
म्हणून ती खांद्यावर नीट बसायची.

चुकले मी.
एका गोधडीत दोन मापं आणली.

लहान चौकोन मोठा होत नाही.
म्हणजे बाबांच्या मापाचे बहात्तरच
पट्टीच्या मापावर उतरवायचे.
साच्याला पुठ्ठा घेतला तर दहाव्या चौकोनाला कड खचते.
कपाटात एक्स-रे होते, ससूनचे.
एक काढला. पाच बाय पाच कापला.
त्यातून खालच्या चौकड्या दिसतात,
कुठली रेघ मधोमध घ्यायची ते ठरवता येतं.
दोन बरगड्या आल्यात त्यात, डावीकडच्या असाव्यात.
सरळ नाहीत, रेघ म्हणून उपयोग नाही.

चार दिवस कात्री चालली.
गणवेशाचं आकाशी,
कुणाच्या तरी लग्नातल्या सफारीचं बदामी,
एका बँडवाल्याचं लाल,
जे न्यायला तो परत आलाच नाही.
प्रत्येकाच्या दोन कडांनी अर्धा सूत.
केसासारखी कात्रणं, दोन मुठी.
ठेवण्यासारखी नव्हती, फेकवतही नव्हती.
लाल तुकडा उरला होता, त्याची टाचण्यांसाठी उशी केली,
सगळी आत कोंबली. गच्च झाली.
टाचणी रुतली की हलत नाही.

काल सहावीला सातवी लावली.
एकीची शिवण डावीकडे पाडली, दुसरीची उजवीकडे,
बोटाला खाच लागली तिथे टाचणी.
चार कोपरे, एक टाचणी.

शकीलभाईंना कळवलं.
पलीकडे मशीन चालू होतं, थांबलं.
"टेप टाकू नकोस हां," म्हणाले,
"माझी पँट अजून तिच्याच मापाची आहे."