वजनपावतीच्या मागे

यादी एका वजनपावतीच्या मागे लिहिली आहे.
पुढच्या बाजूला ट्रकचं भरलेलं वजन, रिकामं वजन
आणि ड्रायव्हरची कोंबडीच्या पायांसारखी सही.
मागे सात पुस्तकं. एकही मी निवडलेलं नाही.

रबाळ्याच्या काट्यावर दोन गाड्यांच्या मध्ये
कधी चार मिनिटं मिळतात, कधी चाळीस.
बोट ओळीवर ठेवून वाचते, कान हॉर्नकडे.
एका कादंबरीतलं लग्न मी अकरा वेळा थांबवलं.
वऱ्हाड मुठीत अक्षता धरून उभं
आणि मी लिहितेय :
सळई, सव्वीस टन चारशे.

पहिलं झरीना परकारने सांगितलेलं.
झरीना, जी रडवल्याशिवाय
कुठल्याच पुस्तकाला पुस्तक म्हणत नाही.
त्यात तीनशे पानं एक बाई विहिरीकडे बघते.
विचारलं, पुढे काय होतं गं?
म्हणाली, बघते ना ती.
चिडून संपवलं. पण नंतर एका दुपारी दिसलं,
पुढचं चाक चढताना काटा केसभर खचतो
आणि थरथरत जागेवर येतो.
बावीस वर्षं इथे बसतेय.

हरेश्वर मढवीने गवतांवरचं दिलं.
‘ह्यात गोष्ट नाय, घाबरू नको.’
नुसती चित्रं, तुरे, पात्यांची मापं.
एकशे बेचाळीसाव्या पानावर पेन्सिलीने
‘आमच्या बांधावर’, आणि पुढे सर्व्हे नंबर.
गोठिवलीत आता तिथे काय आहे
ते मला ठाऊक आहे, त्यालाही.
पुस्तक परत देताना दोघंही
पावसाळी चपलांच्या भावाबद्दल बोललो.

पहाटे उठण्याचे फायदे सांगणारं
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं.
ते मी रात्री दीडला संपवलं
आणि गाढ झोपले.

मग शैलजा खोपकरचं. नौपाड्यातून
स्वतः घेऊन आली, वर्तमानपत्राचं कव्हर घालून.
म्हणाली, ‘शेवट वाचून मी दोन दिवस जेवले नव्हते.’
जाड, जुन्या बांधणीचं, जिभेवर बोट ओलं करायला लावणारं.
शेवटाच्या सोळा पानांशी आले
तर ती कडेला अजून जोडलेलीच,
छापखान्यातून आली तशी. कुणी कापलीच नव्हती.

टेबलावरच्या पट्टीने हळूच कापली.
कागदाची भुकटी चलानबुकावर पडली, फुंकली.
शेवट ठीक होता. कुणीतरी परत येतं.

रविवारी तिच्याकडे चहा.
मी म्हटलं, शेवट काय गं!
ती म्हणाली, हो ना.
बिस्किटाचा पुडा तिने उलट्या बाजूने फोडला.
दोन दिवस ती जेवली नव्हती
हे मात्र खरं असणार.
कशामुळे, ते त्या पुस्तकात नव्हतं.
मी विचारलं नाही. पुस्तकाला
वर्तमानपत्राचं कव्हर पुन्हा नीट घालून दिलं.
कापलेली पानं तिला कधी दिसतील की नाही
याचा विचार अजून अधूनमधून करते.

पाचवं अर्धं झालंय, सहावं महाग आहे.

सातवं भास्करनचं. कँटीनमध्ये
ताट धुता धुता त्याने नाव सांगितलं,
त्याच्या भाषेत. मी ऐकू आलं तसं लिहिलं.
वाशीच्या दुकानदाराने ते दोनदा वाचलं
आणि विचारलं, औषध आहे का?
भास्करन गावी गेला, नंबर लागत नाही.
म्हणून केरळ पासिंगची गाडी आली
की वजन घ्यायच्या आधी ड्रायव्हरला
ते मोठ्याने म्हणून दाखवते.
एकाने मान हलवली, एकाने पाण्याची बाटली भरून मागितली.

काल एकजण हसला.
पुस्तक माहीत नाही, म्हणाला, पण शब्द माहीत आहे.
त्याने तो तीनदा म्हटला, जीभ मागे वळवून.
त्यात एक अक्षर होतं
जे आपल्याकडे नाहीच.
मी ळ लिहिला, आणि त्याच्याखाली टिंब दिलं.
पुन्हा म्हणून पाहिला.
तो ‘जवळपास’ म्हणाला, गाडीत चढला.

रिकामी, नऊ टन दोनशे ऐंशी.