आवाजाशिवाय धरत नाहीत

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामावरचा हॉल.
मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा.
दाराशी पाटी: केंडो वर्ग.
खाली खडूनं कुणीतरी: लाठी नव्हे.
शहाबादीवर प्लायवूड टाकलंय,
त्याचा एक तुकडा पाय पडला की कुरकुरतो,
आणि खालून हळद येतच राहते
नाकात, सुती झब्ब्यात, तळव्यांच्या भेगांत.

पहिला महिना कुणालाच मारायचं नव्हतं.
चालायचं फक्त.
उपाध्ये सर म्हणाले, पाय उचलू नका, सरकवा,
उजव्या टाचेखालून कागद जाईल एवढीच फट.
कागद मला कळतो.
बावीस वर्षं जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे मी,
कागदाची जाडी झोपेतही ओळखेन.
तरी माझी टाच
कधी फाइलीच्या पुठ्ठ्याएवढी वर, कधी जमिनीला चिकटलेली.

काठी चार कामट्यांची.
(शिनाई म्हणायचं तिला. मी अजून काठीच म्हणते.)
डाव्या हातानं मारायचं, उजव्यानं वाट दाखवायची.
माझा उजवा ऐकत नाही, सरकारी नोकरीत मुरलाय.
"ओलं फडकं पिळता तशी मूठ," सर सांगतात
आणि रांगेतली पोरं एकमेकांकडं बघतात.
फडकं पिळलंय कुणी?
तेवढा एक धडा मी घरून शिकून आले होते.

मिरजेहून येताना बसमध्ये कंडक्टर म्हणाला,
"काय ताई, साप निघाला का?"
"नाही ओ, क्लास आहे."
त्यानं काठीचं तिकीट मागितलं नाही.

खरी अडचण आवाजाची.
इथं मारताना सांगावं लागतं, कुठं मारतोय:
डोकं, मनगट, बरगडी,
जपानी नावानं, बेंबीच्या देठापासून.
न ओरडता बसलेला घाव धरत नाहीत,
कितीही नेमका असो.

उपाध्ये सर सात वर्षं नागोयात यंत्रं जोडत होते.
सूर्य मावळायच्या आत डबा संपवून वर्गावर येतात.
एकदा विचारलं, सर, तुम्ही जैन, आणि तलवार?
काठीची दोरी तपासत म्हणाले,
"सांगून मारायचं. मारल्यावर पाठ फिरवायची नाही.
एवढं जमलं तर पुढचं बघू."

मला ओरडता येत नाही.
दिवसभर मी दुसऱ्यांचं बोलणं उतरवते.
मग त्याने काठी उगारली.
मी काही पाहिले नाही.
साक्षीदार काही वेळ गप्प.
हो, गप्प बसणंही कधी कधी टाइप करावं लागतं.
माझं स्वतःचं त्या खोलीत
एकच वाक्य: "साहेब, परत सांगाल?"

शुक्रवारी समोर ईर्शाद जमादार, वय बारा,
जाळीआड दोन डोळे आणि दातांची तार.
दोन वर्षं शिकतोय. माझ्याकडं बघून
"या काकू" म्हणाला, पाहुण्यांना म्हणतात तसं.
मी सरकले. प्लायवूड कुरकुरलं.
तोंडातून आलं ते काय होतं माहीत नाही,
जुनं मांजरपाट एका हिसक्यात फाडावं तसं काहीतरी.
खाली पोती टाकणारे हमाल थांबले.
काठी कुठं बसली दिसलं नाही,
डोळे मिटले होते माझे.

"काय झालं ओ वर?" खालून कुणीतरी.
सर खिडकीतून वाकले.
"काही नाही. कोळेकर बाई बोलल्या."

ईर्शाद काठी तशीच रोखून म्हणाला,
"खांद्यावर लागलं काकू, धरत नाही.
पण सर, आवाज तर धरायला पाहिजे?"
सर एवढंच म्हणाले: "परत."

आज सोमवार.
डाव्या करंगळीच्या मुळाशी फोड फुटलाय,
करंगळीखालचं अक्षर सारखं सुटतंय.
पिंजऱ्यात एक बाई, पदर बोटाला गुंडाळत,
ओठ हलतायत, ऐकू काहीच येत नाही.
"जरा मोठ्यानं," साहेब म्हणतात.
मी बोटं थांबवलीत.
टेबलाखाली, चपलेतून निघून,
माझी उजवी टाच
कागदाएवढी वर.